गार्नेट लाल

नख फार हळू वाढतं. महिन्याला साधारण तीन मिलिमीटर, उन्हाळ्यात किंचित जास्त. त्यावर एकदा पक्का रंग बसला की तो धुऊन जात नाही. नख पुढे सरकतं आणि रंग त्याच्याबरोबर टोकापर्यंत जातो, मग कापला जातो. माझ्या वडिलांच्या, नानांच्या, बाबतीत मात्र असं कधी झालं नव्हतं. त्यांची नखं मुळापासून टोकापर्यंत सारखीच लाल होती, कारण जेवढं नख नवं येई तेवढं ते पुन्हा रंगात बुडे.

आमचा माल परदेशी पाठवणाऱ्या, मुंबईहून आलेल्या रॉड्रिग्जबाई ताक पिता पिता त्या नखांकडेच बघत होत्या.

"गुंडेटीसाहेब, हाताला काही लागलंय का?" त्यांनी शेवटी विचारलं.

नानांनी हात उलटेसुलटे करून पाहिले. "नाही ओ. हे आमचं व्हिजिटिंग कार्ड आहे."

बाई मोकळेपणानं हसल्या. मार्चचा पहिला आठवडा होता. सोलापूरचं ऊन ऑफिसच्या पत्र्यातून खाली उतरत होतं आणि टेबलावरचा पंखा ते फक्त इकडून तिकडे ढकलत होता. मी पुण्याहून रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून नुकतीच घरी परतले होते. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना होता: पुढे चादरी-टॉवेलांचे माग, मागे सूत रंगवायचा रंगखाना. रंगखान्याच्या कोठीत नानांनी मला एक टेबल, एक तराजू आणि एक शेगडी दिली होती. कुणी पाहुणा आला की ते तिकडे बोट दाखवून म्हणत, "ही आमची लॅबोरेटरी."

रॉड्रिग्जबाईंनी पिशवीतून एक टॉवेल काढला. आमचाच. लहान मुलांसाठी केलेला, एका कोपऱ्याला टोपी शिवलेली, टोपीला बदकाची चोच. पांढऱ्या अंगाला आमचा गार्नेट लाल काठ.

"हॅम्बुर्गच्या दुकानानं परत पाठवलाय. नापास."

"नापास?" नानांचा आवाज चढला. "बाई, आमचा रंग उतरत नाही. उकळा, घासा, दगडावर आपटा..."

"उतरला नाहीच. रंग उत्तमच आहे. रंग ज्याच्यापासून केलाय, ते नापास." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या मुलीला कळेल मी काय म्हणते ते."

मला कळलं होतं. जर्मनीनं काही रंगांवर बंदी घातल्याचं मी पुण्यातच वाचलं होतं. तिथल्या प्रयोगशाळेत कापडाचा तुकडा घेऊन त्यातला रंग तोडतात आणि तुटल्यावर काय सुटतं ते बघतात. आमच्या गार्नेटमधून जे सुटत होतं ते त्यांच्या यादीत होतं. मी नानांना सांगितलं, आपण जो बेस, म्हणजे रंगाचं मूळ रसायन, वापरतो तोच बंद आहे, दुसरा घ्यावा लागेल.

"आणि हे मुलांचं आहे," बाई म्हणाल्या. "मुलं आंघोळ झाली की टॉवेल तोंडात घालतात, चोखतात. म्हणून तिकडे जास्तच कडक."

नाना टॉवेलाच्या काठावरून अंगठा फिरवत बसले. मग म्हणाले, "एक सांगा बाई. कापूस शेतकऱ्यानं पिकवला. सूत गिरणीनं काढलं. रंगवलं आम्ही, विणलं आम्ही. तुम्ही काय केलं?"

"मी फोन केला."

"एवढंच?"

"फॅक्सपण केला."

"बघ विजम्मा," नाना माझ्याकडे वळले. "शेत, कारखाना आणि फोन. तिघांत कमाई कुणाची जास्त?"

"फोनची," रॉड्रिग्जबाईच म्हणाल्या. "शिव्यापण फोनलाच. काल हॅम्बुर्गच्या पोटभर खाल्ल्यात, म्हणून आज ताकावर आहे."

जाताना त्या दारात थांबल्या. उन्हासाठी डोक्यावर रुमाल घेत म्हणाल्या, "घाबरायचं काही नाही साहेब. आमच्या मालाला नवा बेस वापरा. तुमचा हुबळी-विजापूरचा माल आहे, त्याला जुनाच चालू ठेवा. तिथं कोण तपासायला बसलंय? सगळे असंच करणार आहेत."

"बघू की," नाना म्हणाले.

हे "बघू की" आमच्या घरी सगळ्यांना पाठ होतं. आम्ही पद्मशाली विणकर, घरात तेलुगू बोलतो, आणि मराठी त्यात विरघळलेली असते. पण "बघू की" नाना दोन्ही भाषांच्या मध्येच कुठंतरी उभं राहून म्हणत. त्याचा अर्थ हो असू शकत होता, नाही असू शकत होता, आणि बहुतेक वेळा एवढाच असे की आता मला विचारू नका.

*

आमचा लाल बर्फात तयार होई. सुताच्या लडी आधी नॅप्थॉल नावाच्या रसायनाच्या पाण्यातून काढून पिळायच्या. तेव्हा त्या फिकट पिवळ्या दिसतात, जुन्या वर्तमानपत्रासारख्या. दुसऱ्या हौदात बेस असतो. तो थंड ठेवावाच लागतो, नाहीतर बिघडतो. म्हणून रोज सकाळी बर्फाच्या लाद्या येत, त्या फोडून हौदात टाकत. मग पिवळी लड त्या गार पाण्यात बुडवली की बुडताक्षणी लाल होते. हळूहळू नाही, एकदम. मी लहानपणापासून ते पाहत आले होते, पुढे त्याची समीकरणंही शिकले, तरी लड पाण्याला टेकताना माझा श्वास थांबायचा तो थांबायचाच.

हौदावर यादगिरीमामा असत. नाना आणि ते एकाच वयाचे, एकाच वर्षी माझ्या आजोबांच्या हाताखाली रंगाला लागलेले. एक मालकाचा मुलगा आणि एक कामगार, एवढाच फरक; नखं दोघांची सारखी. उन्हाळ्यात रंगखान्यातल्या सगळ्यांची एक सवय होती. बर्फ फोडताना उडालेला तुकडा उचलायचा आणि तोंडात टाकायचा. पिण्याच्या पाण्याचा माठही तिथंच, हौदाशेजारी, गार राहतो म्हणून.

रॉड्रिग्जबाई गेल्या त्याच दुपारी मी नानांना आणि यादगिरीमामांना हौदाशी उभं राहून समजावलं.

"प्रयोगशाळेत रंग तोडतात, तसंच आपल्या अंगातही होतं. रंग पोटात गेला तर आतडी तो तोडतात. ज्याच्यापासून केला तेच परत सुटतं. जनावरांना दिलं तर कॅन्सरच्या गाठी होतात, असं सापडलंय."

"आम्ही टॉवेल खातोय होय?" मामा म्हणाले.

"मामा, तुम्ही भाकरी कुठल्या हातानं खाता?"

त्यांनी उजवा हात समोर धरला. मनगटापर्यंत लाल. "मग काय, डाव्यानं जेवू म्हणते? बायको घरात घ्यायची नाही."

"डावापण लालच आहे तुझा," नाना म्हणाले, आणि दोघं हसले.

"मी रबरी हातमोजे आणलेत. कोठीत ठेवलेत."

"हातमोजे घालून रंग कळतो का?" नाना एकदम गंभीर झाले. "लड हाताला सांगते, झालं की नाही ते. माझे वडील ह्याच हौदात हात घालून म्हातारे झाले. मी तीस वर्षं घालतोय. मला काय झालंय?"

"काही झालेलं नाही," मी म्हणाले. "होईलच असं मी म्हणत नाही. कुणाला होईल, कधी होईल, होईल की नाही, ते मला सांगता येत नाही. कुणालाच येत नाही. म्हणून तर बंद करायचं."

मामांनी तोंडातला बर्फ कडकन फोडला. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून उरलेला हळूच थुंकला.

*

नवा बेस वापीहून आला. रसायन दुसरं, पण रीत तीच: नॅप्थॉल, बर्फ, हौद. मला वाटलं होतं त्यापेक्षा हे सोपं होतं. अडचण फक्त रंगाची होती. नवा लाल थोडा जांभळ्याकडे झुकत होता.

"वांगं," यादगिरीमामांनी पहिल्याच लडीला नाव ठेवलं.

"जर्मनीला वांगं चालतं," मी म्हणाले.

"चालणार. त्यांनी भरलं वांगं कुठं खाल्लंय?"

हॅम्बुर्गला खरंच चाललं. नवा नमुना पास झाला, फोनवर रॉड्रिग्जबाईंनी "देव तुमचं भलं करो" म्हटलं आणि टॉवेलांची ऑर्डर सुरू झाली. पण आमचे निम्मे माग हुबळीच्या अंगडीशेठच्या चादरींवर चालत. तीन पिढ्यांचं गिऱ्हाईक. तिकडच्या खेड्यांत आमच्या चादरीला "गुंडेटी लाल" म्हणूनच मागत. लग्नात मुलीला द्यायची चादर त्याच लालाची हवी.

मी नानांना एकदाच स्पष्ट विचारलं. रंगखान्याच्या मागच्या बाजूला ते सुकत घातलेल्या लडींमधून चालत होते.

"नाना, हुबळीच्या मालालाही नवाच बेस घालायचा ना?"

"अंगडीनं माल परत केला तर?"

"रंग जवळ आणता येईल. मी प्रयत्न करते."

"जवळ म्हणजे तोच नव्हे, विजम्मा. त्याला तोच लागतो. त्यानं ऑर्डर बंद केली तर निम्मे माग थांबले. माग थांबले की माणसं चालली भिवंडीला. एकदा गेलेलं घर परत येत नाही. साखर पेठेत विणकरांच्या घरांना कुलपं बघितलीस ना?"

बघितली होती. माझ्या वर्गातल्या मुलींपैकी कितीतरी आता भिवंडीला होत्या.

"मग हौद एकच आणि लाल दोन? एक त्यांच्या मुलांसाठी, एक आपल्या?"

नानांनी एक लड हातात घेऊन झटकली, ती आधीच सरळ असताना. "बघू की," म्हणाले.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी मी रंग जुळवायला बसले. जुन्या गार्नेटचा चांगला नमुना हवा होता, पुष्कळ वर्षं धुतलेला, म्हणजे नवा रंग काळानुसार कसा फिका व्हायला हवा तेही कळलं असतं. नाना म्हणाले, "थांब, आहे." संध्याकाळी त्यांनी घरून एक छोटी चादर आणली. माझ्या बाळपणीची.

आमच्या कारखान्यात एक पद्धत होती, आजोबांपासूनची. कुणाच्याही घरी बाळ झालं, मालकाच्या की कामगाराच्या, की त्याच्या पहिल्या चादरीचं सूत मालकानं स्वतः रंगवायचं. पांढरी चादर, चारी बाजूंनी गार्नेट काठ. बारशाला बाळ त्याच चादरीवर ठेवायचं. माझीही तशीच झाली होती.

मी ती टेबलावर पसरली. धुऊन धुऊन मऊ झालेली, पण काठ अजून तेजदार. तीन कोपरे शाबूत होते. चौथ्याला काठच नव्हता. तिथं नुसते धागे लोंबत होते, आणि पांढरं कापडसुद्धा बोटभर कमी होतं.

"हा कोपरा कुठं गेला?"

"कुठं म्हणजे? तुझ्या पोटात!" नाना हसायला लागले. "दात येत होते तेव्हा. हातातून काढून घेतली की भोकाड पसरायचीस. तुझी अम्मा म्हणायची, राहू दे हो, आपला रंग पक्का आहे, तोंडालासुद्धा लागत नाही. चावून चावून संपवलास सगळा को..."

ते मध्येच थांबले. त्यांचं हसू तोंडावर तसंच राहिलं होतं, आवाज मात्र गेला होता. त्यांनी ते तुटके धागे दोन बोटांत धरले. धागे लाल, बोटं लाल.

बोलायला माझ्याकडे मोजलेलं असं काही नव्हतं. मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि मला काहीही झालेलं नव्हतं.

"तुझं चालू दे," नाना म्हणाले आणि बाहेर गेले. मला वाटलं, तंबाखू खायला गेले असतील.

*

एप्रिल असाच गेला. हुबळीच्या लाल सुताची पाळी आली की काहीतरी निघे. बर्फाची गाडी आली नाही. बेसचा डबा ओला झाला. आज जर्मनीचं घ्या, त्यांची बोट गाठायची आहे. हिरवं सूत झालं, निळं झालं, अंगडीशेठच्या चादरींचे लाल काठ काही होईनात. अंगडीशेठचा फोन येई आणि नाना हात मानेमागे नेऊन म्हणत, "बघू की, शेठ, बघू की."

मी चिडले होते. जेवताना बोलणं कमी केलं होतं. एक दिवस पिण्याच्या पाण्याचा माठ रंगखान्यातून उचलून मागांच्या शेडमध्ये गेलेला दिसला. मला वाटलं कुणी फोडेल म्हणून हलवला असेल. जुन्या बेसच्या कपाटाची किल्ली नानांनी स्वतःच्या खिशात ठेवायला सुरुवात केली. मला वाटलं उरलेला साठा जपून ठेवतायत.

"तुझ्या बापाच्या मनात काय आहे ते त्यालाच ठाऊक," यादगिरीमामा म्हणाले. "तीस वर्षं बघतोय. हा माणूस लग्नालाही बघू की म्हणाला होता. तुझी अम्मा हार घेऊन उभी, आणि हा बघतोय."

मे महिन्याच्या सुरुवातीला भूदेवक्काची मुलगी बाळंत झाली. भूदेवक्का आमच्याकडे कांड्या भरायची, मागाला लागणारं सूत छोट्या कांड्यांवर गुंडाळायचं काम. ठसठशीत बाई, आवाज मागांच्या वर चढणारा. ती पेढे घेऊन ऑफिसात नानांकडे आली.

"राजेशमण्णा, नातू झाला! बारसं पुढच्या शुक्रवारी. सूत कधी रंगवता?"

दरवेळी नाना अशा वेळी पेढा तोंडात ठेवून उठत आणि थेट हौदावर जात. त्या दिवशी ते पेढा हातात धरून बसले.

"बघू की," म्हणाले.

भूदेवक्कानं पेढ्यांचा डबा टेबलावर ठेवला. "काय म्हणालात?"

"अजून वेळ आहे ना बारशाला."

"जर्मनीच्या पोरांचे टॉवेल बोटीच्या आधी तयार," तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला, "आणि माझ्या पोरीच्या पोराला बघू की? बदकाची चोच लावायला पाहिजे होती का आम्हीपण?"

ती गेली. पेढ्यांचा डबा टेबलावर तसाच उघडा होता. नाना त्याच्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघत होते, आणि मला त्यांचा फार राग आला होता.

दुपारी आम्ही डबा उघडला. नानांनी भाकरी मोडायला अंगठा टेकवला आणि मला ते दिसलं.

अंगठ्याच्या नखाच्या मुळाशी एक पांढरी चंद्रकोर होती. स्वच्छ, गुलाबीसर पांढरी. तिच्यापुढे एक रेघ, अगदी सरळ, आणि रेघेपुढे नेहमीचा लाल. मी दुसऱ्या बोटांकडे पाहिलं. सगळ्यांवर तेच. साधारण चार मिलिमीटर. उन्हाळा धरला तर पाच-सहा आठवडे.

मी मनात मागे मोजत गेले. माठ. किल्ली. न आलेली बर्फाची गाडी. आणि त्याही मागे, टेबलावर पसरलेली एक छोटी चादर आणि तोंडावर राहून गेलेलं हसू. त्या संध्याकाळपासून ह्या माणसानं गार्नेटला हात लावलेला नव्हता. कुणाला लावूही दिलेला नव्हता. नवा बेस मात्र रोज हौदात होता आणि संध्याकाळी सगळे गेल्यावर नाना रोज हौदावर थांबत होते, तरी नवीन नखावर वांग्याचा मागमूस नव्हता.

"नाना, कोठीतले हातमोजे कुठं आहेत?"

"असतील कुठंतरी." त्यांनी आमटीत भाकरी बुडवली. "एक नंबर मोठा आणायचास. बोटं आवळतात."

मी खाली बघून जेवत राहिले. मला हसू येत होतं. पण त्यांनी तोंडातून काढलं नव्हतं, तोवर ते ठरलेलं नव्हतं. हेही मला माहीत होतं. न बोललेली गोष्ट त्यांना केव्हाही मागे घेता आली असती. अंगडीशेठच्या एका फोनवर किल्ली खिशातून बाहेर आली असती.

*

तो फोन दुसऱ्या दिवशी सकाळी आला, नाना ऑफिसात पोचायच्या आधी, आणि तो यादगिरीमामांनी घेतला. मी कोठीतून बाहेर आले तेव्हा मामांनी नॅप्थॉलचा हौद लावलेला होता आणि हुबळीच्या लडी एकामागून एक पिळून बांबूवर टाकत होते. फिकट पिवळ्या लडींची लांबच लांब रांग.

"मामा, हे काय? नानांना विचारलंत?"

"विचारलं असतं तर काय म्हणाला असता?" मामांनी घाम पुसला. "अंगडी म्हणतो, ह्या आठवड्यात लाल निघाला नाही तर दुसरीकडे जातो. मी म्हटलं, करतो. कुणीतरी काहीतरी करायला पाहिजे की नाही?"

नॅप्थॉल दिलेली लड थांबत नाही. तिला हवा लागली, ऊन लागलं की डाग पडतात, मग तिचा काही उपयोग नाही. ती थोड्या वेळात बेसमध्ये जायलाच हवी, ह्या नाहीतर त्या. मामांना हे माहीत होतं. माझा अंदाज आहे, म्हणूनच त्यांनी तसं केलं.

नाना आले. दारातच थांबले. त्यांनी बांबूवरच्या लडी पाहिल्या, मामांकडे पाहिलं, आणि सरळ कोठीत गेले. बाहेर आले तेव्हा हातात नव्या बेसचा डबा होता आणि हातमोजे चढवलेले. रबरी, पिवळे, बोटांना आवळणारे. मागांवरची दोन-चार माणसं दारातून डोकावत होती. त्यांत भूदेवक्काही होती, पदर कमरेला खोचलेली, चेहरा अजून कालचाच.

नानांनी स्वतः बर्फ फोडला. स्वतः बेस तयार केला, पाण्यात बोट न घालता, माझ्याकडून थर्मामीटर मागून घेऊन. मग त्यांनी हुबळीच्या रांगेला हात न लावता, बाजूला ठेवलेली एक छोटी पांढरी लड नॅप्थॉलमधून काढली, पिळली आणि बर्फाच्या पाण्यात सोडली.

बुडताक्षणी ती लाल झाली. माझा श्वास थांबला तो थांबलाच.

दोनदा धुऊन, पिळून, त्यांनी ती भूदेवक्कासमोर धरली. "घे. नातवाचं सूत."

भूदेवक्कानं लड दोन्ही हातांत घेतली, उजेडाकडे वळवली. "हा आपला नाही, अण्णा. हा त्या टॉवेलांचा."

"हो."

"आमच्या सगळ्या पोरांना गार्नेट. ह्याला का नाही?"

नानांनी हातमोजा काढला. घामानं तो निघता निघेना. मग त्यांनी तिच्यासमोर अंगठा धरला, नख वर करून. ती पांढरी चंद्रकोर आता सगळ्यांना दिसली.

"पोर चादर तोंडात घालतं, भूदेवी. माझ्या विजीनं अख्खा कोपरा खाल्ला. तेव्हा मला ठाऊक नव्हतं. आता आहे. ठाऊक असताना तुझ्या नातवाच्या तोंडात कसा देऊ?"

भूदेवक्कानं लडीचं एक टोक ओठांपाशी नेलं, जणू बाळच नेईल तसं, आणि परत खाली केलं. मग खिडकीतल्या उन्हात टांगलेल्या कोरड्या लडींशी तिनं ती ताडून पाहिली. काल नव्या लालात रंगवलेल्या, वाळलेल्या. तिची नजर कांड्यांवर घडलेली होती. वर्षानुवर्षं तिच्या हातातून हाच लाल गेला होता.

"ओला असताना वांगं दिसतं," ती म्हणाली. "वाळल्यावर तेवढं नाही."

"बघ, मी तेच म्हणत होतो," यादगिरीमामा म्हणाले. ते असं कधीच म्हणाले नव्हते. मग त्यांनी बांबूकडे हात केला. तिथं पहिल्या काही लडींच्या कडा हवेनं काळवंडायला लागल्या होत्या. "आणि ह्यांचं काय, राजेशम? हुबळीच्या लडी. ह्या थांबायच्या नाहीत. जुन्या बेसच्या कपाटाची किल्ली देतोस, की ह्याच हौदात घालू? आता बघू की म्हणू नकोस बाबा, पाया पडतो."

कुणी हसलं नाही. मागांचा आवाज थांबला होता. पुढचे लोकही दारात येऊन उभे राहिले असावेत. ऑफिसातला फोन वाजायला लागला. सकाळी एवढ्या लवकर दुसऱ्यांदा कोण करणार, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

नानांनी फोनकडे पाहिलं, लडींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी काहीच खूण केली नाही. माझ्याकडून जेवढं सांगता येण्यासारखं होतं तेवढं सांगून झालं होतं.

त्यांनी हातमोजा पुन्हा चढवला. दुसरी जोडी कोठीच्या फळीवरून काढून यादगिरीमामांच्या छातीवर टेकवली.

"ह्याच हौदात घाल," ते म्हणाले. फोन वाजत होता म्हणून त्यांना मोठ्यानं बोलावं लागलं, दारातल्या शेवटच्या माणसापर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं. "आणि विजम्मा, फोन घे. अंगडीशेठना सांग, चादरी नव्या लालात येतील. पटल्या तर घ्या, नाही पटल्या तर मी स्वतः हुबळीला येऊन समजावीन. गार्नेट बंद केलाय म्हणावं. जर्मनीसाठी नाही. सगळ्यांसाठी."